शाळा मुलापर्यंत, मूल वर्गापर्यंत : समावेशक शिक्षणाची ठाण्यातील कसोटी

‘सर्वसमावेशक शिक्षण’ ही संज्ञा १९९४ च्या सालामान्का जाहीरनाम्यानंतर शैक्षणिक धोरणांत रूढ झाली. तथापि, शाळेने मुलासाठी बदलावे हे तिच्यातील मूलतत्त्व ठाणे जिल्ह्याला त्यापूर्वीच परिचित होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) ताराबाई व अनुताई वाघ यांनी वंचितांच्या वस्तीत अंगणवाडी आणि गुराख्या मुलांसाठी कुरणशाळा भरवून शाळेचे स्थळ व वेळ मुलांच्या जीवनक्रमाशी जुळवली. वीटभट्ट्यांवरील भोंगाशाळा आणि ठाण्यातील तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या सहकार्याने २०१६ मध्ये सुरू केलेली सिग्नल शाळा याच परंपरेतील होत.

या प्रयोगांचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्यांचा गौरव करताना एक बाब नजरेआड होते. येथे वंचित मूल शिकते; परंतु सुस्थित घरातील मुलाच्या शेजारी बसत नाही. त्यामुळे अशा शाळेचे कौतुक करण्यासाठी मध्यमवर्गाला स्वतःचे काही सोडावे लागत नाही.

खरी कसोटी शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १२(१)(क) ने घेतली. या कलमानुसार खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या बंधनातून वगळले. कल्याण-डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या शहरांत अशी सवलत म्हणजे अपवादानेच नियम गिळणे होय. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्दबातल ठरविला, हे उचितच झाले.

परंतु न्यायालय प्रवेश देऊ शकते, शेजार देऊ शकत नाही. वर्गातील भाषा, सहलीचा खर्च, गृहपाठाला घरून मिळणारी मदत यांतून वगळणूक चालूच राहते. तिचे भान शिक्षकाला देणे हे अध्यापक महाविद्यालयांचे काम आहे. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण देणारे याच कायद्यातील कलम ४ हा वस्तुतः सेतू आहे. सिग्नल शाळेसारख्या प्रयोगांचे मूल्यमापनही याच निकषावर व्हावे : किती मुले नियमित वर्गात गेली, आणि त्या वर्गाने त्यांच्यासाठी स्वतःत कोणता बदल केला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत आपले समावेशन अपुरेच राहील.