बखर खोटी, पण कशासाठी?

आपण मुलांना साधनांबद्दल काय शिकवतो? पत्र अस्सल म्हणून वर, बखर मागाहूनची म्हणून खाली. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, प्रस्तावनेत बखरींची चांगली झडती घेतली. तेव्हा ते हवंच होतं. आपण त्यातून उतरंड तेवढी उचलली.

मल्हार रामराव चिटणीसांची बखर घ्या. शिवाजी महाराज 1680 साली गेले, ही लिहिली गेली 1810च्या सुमारास. अफझलखानाच्या भेटीत नेमकं काय घडलं यासाठी तिच्यावर विसंबू नये, कबूल. पण पेशवाईच्या अखेरीस साताऱ्याच्या दरबारी मंडळींना महाराज कसे दिसत होते, हे विचारायचं असेल तर? मग तीच समकालीन साधन ठरते! सभासदाच्या बखरीशी ताडून पाहिली, तर शंभरेक वर्षांत कथेत काय वाढलं तेही कळतं.

आणि पत्रं तरी? कर्जात बुडालेला सरदार पेशव्यांना खर्च कमी करून लिहील होय? रक्कम पडताळावीच लागते. त्याची निकड मात्र पत्रातच सापडते.

प्रश्नपत्रिकेत आपण 'विश्वसनीय की अविश्वसनीय' एवढंच विचारतो. कोणत्या प्रश्नासाठी, हे आपणच विचारत नाही, तर मुलं कुठून विचारणार?