गणिताच्या उत्तरपत्रिकेतील हेतुवाक्य व त्याचे गुणदान

माध्यमिक शाळेतील गणिताचे लेखन तपासताना दोन भिन्न गोष्टी एकाच गुणसंख्येत मिसळल्या जातात. विद्यार्थ्याने काय काढले ही एक, आणि ते तसेच का निघते हे त्याने कसे सांगितले ही दुसरी. पहिलीचे मोजमाप सोपे असल्यामुळे तीच उत्तरपत्रिकेचे सर्वस्व होऊन बसते व दुसरी ‘भाषेचा भाग’ म्हणून बाजूला पडते. वस्तुतः गणिती लेखनाचे मर्म या दुसऱ्या गोष्टीतच असते. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी या तेरणाकाठच्या गावातील नववी-दहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आणला, म्हणजे या मिसळीची किंमत कोणाला द्यावी लागते हे स्पष्ट होते.

एक साधे उदाहरण घ्यावे. एका आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने अधिक असून क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर आहे. तर रुंदी किती? रुंदी क्ष मानल्यास क्ष² + १०क्ष − ६०० = ० हे वर्गसमीकरण मिळते व त्याची मुळे २० आणि −३० ही येतात. समजा, एका विद्यार्थ्याने दुसऱ्या मुळाविषयी अक्षर न लिहिता ‘रुंदी = २० मीटर’ असे सुवाच्य उत्तर दिले. दुसऱ्याने लिहिले, ‘रान उणं तीस मीटर रुंद कसं असंल? म्हणून ते सोडलं.’ प्रचलित तपासणीत पहिल्याला पूर्ण गुण मिळण्याचा संभव अधिक. दुसऱ्याच्या वाक्याखाली मात्र तांबडी रेघ ओढली जाईल. परंतु मूळ का त्याज्य आहे हे दुसऱ्यानेच सांगितले आहे. पहिल्याला ते ठाऊक असेलही. पण उत्तरपत्रिकेत त्याचा पुरावा नाही.

या वाक्याला फार जुनी परंपरा आहे. सन ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणितात भास्कराचार्यांनी वानरांच्या कळपाचे एक उदाहरण दिले आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून जी संख्या येईल तिच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले व एक फांदीवर दिसला, तर एकूण वानर किती? मुळे ५० आणि ५ ही निघतात. ५ घेतल्यास पाचव्या हिश्शातून तीन वजा करता −२ उरतात. भास्कराचार्यांनी हे मूळ सोडले आणि ते सोडण्याचे कारणही दिले: व्यक्त राशी ऋण झाली तर लोकांना तिची प्रतीती येत नाही. येथे समीकरण बिनचूक सुटलेले आहे. प्रश्न आहे तो उत्तर व्यवहाराला लागू पडते की नाही हा, आणि त्याचा निर्णय लोकप्रतीतीच्या आधारे शब्दांतच केलेला आहे. उणे रुंदीचे रान नाकारणारा विद्यार्थी नेमके हेच करीत असतो.

बोलीतील वाक्यावर ओढलेल्या तांबड्या रेघेमागे प्रमाण परिभाषा म्हणजेच गणित, अशी समजूत असते. मराठवाड्याचा इतिहास तिला आधार देत नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता व तेथील माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्या पिढीने त्रिकोणाला ‘मुसल्लस’ आणि कोनाला ‘जाविया’ म्हटले. पुढील पिढीने त्रिकोण आणि कोन म्हटले. प्रमेये तीच राहिली व त्यांची कारणेही तीच राहिली. परिभाषा शिकविली पाहिजे यात वाद नाही, कारण तिच्यावाचून दूरच्या वाचकाशी नेमके बोलता येत नाही. परंतु परिभाषेची उणीव व विचाराची उणीव यांना एकच दंड करणे हा तपासणीतील दोष होय.

याच्या उलट बाजूचा दोषही तितकाच गंभीर आहे. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो हे सिद्ध करताना अब हा व्यास व क हा वर्तुळावरील बिंदू घेऊन एखादा विद्यार्थी लिहितो: ‘अक² + बक² = अब²; म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासाने कोन अकब = ९०°.’ आकृती नीट, पक्ष आणि साध्य यथास्थित, प्रमेयाचे नाव बिनचूक. पायरीगणिक गुण वाटणारा परीक्षक येथे निम्म्याहून अधिक गुण देऊन मोकळा होईल. पण पहिली पायरी आली कोठून? ती खरी ठरते ती कोन काटकोन असल्यामुळेच. साध्यच पक्षात शिरले आहे. नैयायिकांच्या परिभाषेत हा आत्माश्रय झाला. न्यायशास्त्राने अनुमानाचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन असे पाच अवयव मानले. आपली गुणदानाची पद्धत प्रतिज्ञा व निगमन यांना गुण देते, आणि हेतू मात्र न तपासता पुढे जाऊ देते.

परीक्षेची रचनाही या प्रवृत्तीला पोषक ठरली आहे. २०१८ मध्ये दहावीची नवी पाठ्यपुस्तके आल्यानंतर गणिताच्या दोन्ही भागांना प्रत्येकी ४० व अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण अशी विभागणी झाली. प्रश्नपत्रिकेत ‘चौकटी भरून कृती पूर्ण करा’ या स्वरूपाचे प्रश्न असतात. दुर्बल विद्यार्थ्याला त्यांचा आधार मिळतो हे खरे; परंतु त्यांत वाक्याचा सांगाडा प्रश्नकर्त्याचा असतो व विद्यार्थ्याकडे केवळ रिकाम्या जागा उरतात. संपूर्ण युक्तिवाद स्वतः लिहिण्यास त्यामुळे अंतर्गत मूल्यमापनातील गृहपाठ हेच मोकळे क्षेत्र उरते. तेथेही उत्तरे उतरवून घेतली व सर्वांना जवळजवळ सारखेच गुण पडले, तर गणिती लेखनाची परीक्षा कोठेच झाली नाही असे म्हणावे लागेल.

यावर आक्षेप येईल तो वस्तुनिष्ठतेचा. कारणाला गुण द्यावयाचे म्हटले की परीक्षकागणिक गुण बदलतील, आणि उत्तरपत्रिका हजारोंनी असताना नियामकालाही ते आवरता येणार नाहीत, असे म्हटले जाते. पण आजची तपासणी तरी वस्तुनिष्ठ आहे काय? डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी अमेरिकेत १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा त्यांनी दिलेल्या गुणांत प्रचंड तफावत आढळली. टापटीप, पायऱ्या, आकृती, उत्तर यांपैकी कशाला किती वजन हे ठरलेले नसले, म्हणजे गणितातही मते पडतात. तेव्हा कारणाचे वजन आधी ठरवून जाहीर केल्याने अनिश्चितता वाढत नाही, कमीच होते.

हे कसे करता येईल, याचे उदाहरण माकणीतच आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण गावाजवळ असल्याने ‘साठा इतके टक्के’, ‘पाणी जोत्याखाली गेले’ ही भाषा विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची असते. पाण्याची खोली निम्मी झाली म्हणजे साठाही निम्मा झाला काय, असा प्रश्न देऊन जलाशय उलट्या शंकूसारखा मानावा. एकाने सूत्रात किमती घालून ‘आठवा हिस्सा’ असे उत्तर काढले. दुसऱ्याने लिहिले की खोली निम्मी झाली तर समरूप त्रिकोणांमुळे वरची त्रिज्याही निम्मी होते, म्हणून पृष्ठ चौथाई व साठा आठवा हिस्सा. खरे धरण शंकू नाही, पण ते वर रुंदावत जाते एवढ्यावरून साठा निम्म्याहून कमी राहील हे निश्चित. दहा गुणांपैकी मांडणीला दोन, आकडेमोडीला तीन, हेतूला चार व निष्कर्षाच्या मर्यादेला एक असे ठरविले, तर दुसऱ्याच्या गुणाकारात एखादी चूक राहिली तरी तो मागे पडणार नाही, आणि हा निर्णय कोणत्याही परीक्षकाला पटवून देता येईल. शब्द बोलीतील असल्यास वर प्रमाण शब्द लिहून द्यावा, गुण कापू नयेत. अर्थच संदिग्ध झाला तर मात्र कापावेत.

गृहपाठाच्या पहिल्या खर्ड्यावर तर गुण न घालणेच इष्ट. रुथ बटलर यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ शेरे मिळालेल्या विद्यार्थ्यांचे पुढील काम सुधारले. शेऱ्याबरोबर गुणही दिले तेथे तो लाभ दिसला नाही. ‘हे कशावरून?’ एवढा शेराही पहिल्या खर्ड्याला पुरतो, कारण त्याला उत्तर म्हणून विद्यार्थ्याला पुन्हा लिहावे लागते. पन्नास-साठ वह्यांच्या वर्गात प्रत्येक गृहपाठ असा तपासता येणार नाही. पण सत्रातून दोन-तीन लेखने या रीतीने तपासणे अशक्य नाही.

तात्पर्य, गणिताच्या लेखनातील गुण हे मुख्यतः हेतुवाक्याचे असावेत. तसे झाल्यास पाठ केलेल्या सिद्धतेला आज मिळणारे अवास्तव मोल कमी होईल, आणि घरच्या भाषेत नीट विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या विचाराचे श्रेय मिळून परिभाषा आत्मसात करण्यास अवसर राहील.