सुवर्णप्रावरण आणि भुताची साक्ष

वेल्स देशीं मोल्ड गांवाजवळ 'ब्रिन-अर-एलिलॉन', म्हणजे पिशाचांची टेकडी, होती. १८३३ सालीं तेथें दगड काढतांना मजुरांस अस्थींसह सोन्याच्या प्रावरणाचे तुकडे सांपडले, तें इ. स. पूर्वीं १९०० ते १६०० या काळांतील असून ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. शोधापूर्वींच एका स्त्रीस तेथें सुवर्णवेषधारी भूत दिसलें होतें, सबब लोकस्मृति प्रावरणाइतकीच जुनी, असें प्रतिपादन करण्यांत येतें. आम्हांस हें ग्राह्य वाटत नाहीं. त्या बाईच्या सचोटीविषयीं आमचा आक्षेप नाहीं; परंतु कथेचे लेखी दाखले सर्व शोधानंतरचे आहेत. पुराणांत घडून गेलेल्या राजवंशांचें भविष्य आढळलें, तर तो भाग आपण उत्तरकालीन मानतों. येथेंही तोच न्याय लावला पाहिजे. टेकडीचें नांव मात्र निराळें साधन होय. त्यांत पिशाचें आहेत, सोनें नाहीं.