मिठी मारली म्हणजे नेमकं काय केलं?

समजा, एका इंग्रजी कथेत मुलगी आजारी वडिलांशेजारी पलंगावर आडवी होते आणि त्यांना 'कडल' करते. अनुवादात आलं, 'तिने वडिलांना आलिंगन दिले.' संपला प्रसंग! शब्दकोशाच्या हिशेबाने चूक नाही, पण खोलीतलं नातंच बदललं.

कारण हे इंग्रजी शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. 'हग' (मराठी कानाला जरा अडचणीचाच शब्द, पण असो) बहुतेकदा उभ्या उभ्या होतो. स्टेशनवर, निकाल लागल्यावर. दोन क्षण, की सुटलो. 'कडल'ला निवांत वेळ लागतो, जमलं तर पांघरूणही. 'स्नगल' आला 'स्नग'वरून, आणि 'स्नग' हा शब्द एकेकाळी वादळासाठी नीट बांधून सज्ज केलेल्या जहाजाबद्दल वापरत. रजईत एकट्यालाही स्नगल करता येतं. 'एम्ब्रेस'च्या पोटात लॅटिनमधला 'बाहू' आहे, पण आता तो भारदस्त झालाय. माणसांइतकाच बदलाला आणि अपयशालाही कवेत घेतो. वेल्समधल्या इंग्रजीत 'कुच' म्हणजे प्रेमाने जवळ घेणं, आणि जिन्याखालची सामान ठेवायची छोटी जागाही.

या सगळ्यांवर 'मिठी' चिकटवणं हा आळस आहे, कारण मराठीकडे शब्द आहेत. 'कुच' वाचताना 'कूस' आठवत नाही का? तिथेही माया म्हणजे शिरायची एक जागाच. लहान मूल बिलगतं, मित्र कडकडून भेटतात, वारकरी उराउरी भेटतात. 'एम्ब्रेस चेंज'चं मात्र 'बदलाला कवटाळा' केलं की उलटंच होतं. आपण कवटाळून बसतो ते जुन्या गोष्टींना.

एक गोष्ट मात्र इंग्रजीत खरंच सोपी आहे: मागणं. 'हग देशील?' असं चॅटवर सहज लिहिता येतं. 'मला कुशीत घे' लिहायला धीर लागतो. म्हणून आपण 'हग्स' पाठवून मोकळे होतो. त्यात वाईट काही नाही. फक्त समोरच्याला दोन क्षणांचा हग हवा होता की रात्रभराची कूस, हे त्या शब्दावरून कळत नाही. अनुवादकाने ते ओळखायला हवं, आणि मेसेज वाचणाऱ्यानेही.