कंदील, छत्री आणि काटवट

आपल्या मंडळाच्या दिवाळीत चित्रांची एक भिंत असते. तिच्यावर गणपती असतात, शनिवारवाडा तर असतोच. माझे पाय मात्र खलबत्ता, कंदील, काटवट यांच्या जलरंगांपाशी अडतात. सोलापूरकडच्या मंडळींनी ही हौस इथे इंग्लंडात टिकवली, याचं मला फार अप्रूप आहे.

घरातल्या वस्तूंना चित्रात मान देणारा थोर चित्रकार आपल्याच जिल्ह्यातला. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. नाव झालं घोड्यांमुळे, पण आजोबांच्या आठवणीतले कंदील आणि छत्री त्यांनी कधी सोडले नाहीत. ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या त्यांच्या १९६७च्या लघुपटातही कंदील, छत्री आणि बूट राजस्थानभर हिंडतात. बर्लिनच्या महोत्सवात त्याला गोल्डन बेअर मिळालं. हुसेन तान्हे असतानाच आई गेली, तिचा फोटोसुद्धा मागे राहिला नव्हता. माणसाचा चेहरा हाती नसला की वस्तूच धरून ठेवाव्या लागतात. त्यांची अखेरची वर्षं परदेशात गेली आणि २०११ साली लंडनमध्येच ते वारले.

आता आपल्या भिंतीकडे. सोलापूरच्या उन्हाळ्यात कागदावर पाण्याचा हात फिरवला की ब्रश दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळतं. घाई करावीच लागते. इथल्या दमट हवेत कागद लवकर वाळतच नाही. पितळेच्या तांब्याला लावलेला यलो ऑकर शेजारच्या निळ्या सावलीत शिरतो आणि तांब्या हिरवट पडतो. एका काकूंनी त्यावर उपाय काढला नाही, उलट तो हिरवटपणा तसाच राहू दिला. तांब्या न घासलेला दिसतो आणि म्हणूनच खरा वाटतो. काठावरची चकाकी तर रंगवलेलीच नाही, तिथे कोरा कागद सोडलाय. जलरंगात पांढरं असं राखावं लागतं.

काहींचे खलबत्ते मात्र नको इतके लखलखीत आहेत. शेंगाचटणी कुटलेला खलबत्ता असा दिसतो होय? त्यापेक्षा ती मधोमध झिजलेली, एका बाजूला तडकलेली काटवट बघा. भाकरी थापणाऱ्या हाताचा जोर कुठे पडायचा, ते कळतं.

सोलापुरी चादर मात्र अजून कुणी काढायला घेतलेली नाही. जकार्डची ती नक्षी ओल्या कागदावर टिकवणं अवघड, हे मान्य. तरी पुढच्या दिवाळीसाठी कुणीतरी हात घालाच. चादर माझ्याकडून घेऊन जा.