शिडाची विद्या आणि तीन जुनी पुस्तकं

शिडाच्या जहाजांचं वेड लागलेल्या माणसाच्या कपाटात तीन पुस्तकं हमखास सापडतात. डार्सी लीव्हरचं ‘द यंग सी ऑफिसर्स शीट अँकर’ (१८०८), रिचर्ड हेन्री डानाचं ‘द सीमन्स फ्रेंड’ (१८४१) आणि क्लिफर्ड ॲशलीचं ‘द ॲशली बुक ऑफ नॉट्स’ (१९४४). तुमच्यापैकी कुणी उन्हाळ्यात इथल्या एखाद्या क्लबात छोटी शिडाची होडी चालवायला शिकत असेल, तर यातलं एखादं वाढदिवसाला आलंच असेल, आणि दहाव्या पानावर खूण घालून पडलंही असेल. दोष तुमचा नाही. ही पुस्तकं एकट्याने, दिवाणखान्यात बसून शिकणाऱ्यासाठी लिहिलेली नाहीत. त्यांचा वाचक जहाजावर होता. दोर त्याच्या हातात होता आणि चुकलं तर ओरडायला कुणीतरी शेजारी होतं. ते लक्षात ठेवून वाचलं तर तिन्ही उपयोगी आहेत, पण सारखी नाहीत.

सर्वांत प्रसिद्ध डाना, म्हणून त्याच्यापासून सुरुवात. हार्वर्डचा हा विद्यार्थी गोवराने डोळे अधू झाल्यावर १८३४ मध्ये बॉस्टनहून साधा खलाशी म्हणून कॅलिफोर्नियाला गेला, परतून वकील झाला आणि मग हे पुस्तक लिहिलं. भाषा स्वच्छ, वाक्य आखीव. पण दोराच्या सांध्याचं वर्णन तो जवळजवळ निव्वळ शब्दांत करतो, आणि इथे वाचक अडखळतो. तीनपेडी दोराचे पेड उलगडायचे, एकेक पेड मूळ दोराच्या एका पेडाखालून पिळाच्या उलट दिशेने ओवायचा, हे वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात तिसरा पेड नेमका कुठून आत घालायचा इथे गाडी अडते, कारण तोवर दोर हातात फिरलेला असतो. चकलीचा सोऱ्या कसा फिरवायचा हे पत्रातून कळवण्यासारखा प्रकार आहे हा.

लीव्हरने ही अडचण ओळखली होती. त्याच्या पुस्तकात शंभराहून अधिक कोरीव चित्रपानं आहेत आणि मजकूर चित्राला धरून चालतो. एक दोर, मग त्यावर दुसरा, मग कप्पी, असं करत डोलकाठी उभी राहते, तिला आडवं परबाण लागतं, त्याला शीड लागतं. तुम्ही जहाज बघत नाही, ते बांधलं जाताना बघता. माझ्या मते शिकणाऱ्याने सुरुवात लीव्हरपासून करावी. डाना नंतर, आठवण ताजी ठेवायला.

मात्र एक गोष्ट दोघांकडूनही पूर्ण मिळत नाही, ती म्हणजे ‘का’. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावरून पलीकडे वळवायचं असतं तेव्हाचं उदाहरण घ्या. सुकाणू वळवलं की नाळ वाऱ्याकडे येऊ लागते. पुढच्या डोलकाठीची शिडं तशीच ठेवायची. वाऱ्याची दिशा नाळेपासून साधारण एक ‘पॉइंट’, म्हणजे सव्वाअकरा अंशांवर आली की हुकूम सुटतो, ‘मेनसेल हॉल!’, आणि मधल्या व मागच्या डोलकाठ्यांची परबाणं एका झटक्यात दुसऱ्या बाजूला ओढायची. नाळ वारा ओलांडून गेली की ‘लेट गो अँड हॉल!’, आणि मग पुढची परबाणं. डाना हा क्रम, हे हुकूम आणि कुणी कुठे उभं राहायचं हे नेटकं सांगतो. पण पुढची शिडं मागे का ठेवली? वारा त्यांना समोरून धडकून नाळ पलीकडे ढकलतो, म्हणून. शिवाय त्या क्षणी मागची शिडं त्यांच्या आडोशाला आलेली असतात आणि ती अवजड परबाणं हलकी होतात. हुकूम लवकर सुटला तर माणसं वाऱ्याशी झुंजत बसतात. उशीर झाला तर जहाज तोंड वाऱ्यात अडकवून थांबतं आणि मागे सरकू लागतं. हे कळलं की हुकूम पाठ करावे लागत नाहीत. १९८४ साली आलेल्या जॉन हार्लंडच्या ‘सीमनशिप इन द एज ऑफ सेल’ या पुस्तकाने जुन्या पुस्तिका एकमेकींशी ताडून हे ‘का’ मांडलं, म्हणून ते सोबत हवंच.

ॲशलीबद्दल थोडक्यात. न्यू बेडफर्डचा हा चित्रकार अकरा वर्षं खपला आणि त्याने हजारो गाठींना क्रमांक दिले. बोलाईन १०१०. वाचायला हे सगळ्यांत आनंदाचं पुस्तक, पण ते कोश आहे, धडे नव्हेत. आणि तिन्ही पुस्तकांना लागू असलेला एक खरा धोका आहे: त्यांचा दोर ताग, हेम्प किंवा मनिलाचा, खरखरीत, स्वतःला घट्ट धरणारा. तुमच्या होडीवरचा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोर गुळगुळीत असतो. हेम्पच्या सांध्याला पेड तीनदा ओवले की पुरत असे, इथे निदान पाचदा हवेत. ‘पुस्तकात लिहिलंय’ म्हणून तीनवर थांबलात आणि त्या दोरावर माणूस वर चढवलात तर काय होईल, सांगायला नको.

डानाच्या पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग मात्र शौकीन लोक न वाचताच सोडतात. त्यात जहाजावरच्या रीती आहेत आणि कप्तान व खलाशी यांचे कायदेशीर हक्क आणि कर्तव्यं आहेत. कप्तानाने चाबकाने फटके मारलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. वकील म्हणून तो खलाशाच्या हातात गाठीबरोबर कायदाही देत होता. गाठी ठेवून कायदा गाळणारा वाचक अर्धंच पुस्तक वाचतो, असं मला वाटतं.

इथे आपल्याशी जोडलेलं एक चौथं पुस्तक आठवतं, जे या कपाटांत सहसा नसतं. लष्करी अधिकारी थॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश छापला. लष्कर म्हणजे लास्कर, कोकणपासून चितगावपर्यंतचे आपल्याकडचे खलाशी. त्यांना हुकूम देता यावेत म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी तो केला होता. ती बोली फार्सी, पोर्तुगीज, हिंदुस्तानीची मिसळ होती. पुढची डोलकाठी ‘त्रिकट’, पोर्तुगीज ‘त्राकेत’वरून. ‘आरिया’ म्हणजे सोड, खाली घे. तांडेल हे आडनाव तर तुमच्या ओळखीत असेलच. अमिताव घोष यांनी ‘सी ऑफ पॉपीज’मध्ये ही बोली पुन्हा खेळवली. रोबकला तांडेलाचा आज्ञाधारक कान हवा होता. तांडेल स्वतः दोर कसा आवळत असे, डांबर किती लावत असे, हे त्या पानांचं कामच नव्हतं. डाना स्वतः खलाशांत राहिला होता, म्हणून तो खलाशाशी बोलतो. रोबक त्याच्याविषयी बोलतो. वाचताना हा फरक टोचतो.

इंग्लंडात असाल तर हार्टलपूलला ‘ट्रिंकोमाली’ बघून या. १८१७ मध्ये मुंबईत वाडियांच्या गोदीत सागवानात बांधलेलं ते जहाज आजही पाण्यात आहे. अमेरिकेत असाल तर मिस्टिकला ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ आहे, १८४१ सालचं, डानाच्या पुस्तकाच्याच वयाचं. २०१४ मध्ये डागडुजी होऊन ते पुन्हा समुद्रावर गेलं होतं. आडदोरांवर काळी सुतळी गुंडाळलेली दिसेल तिथे थांबा. आधी पिळाच्या खाचांत बारीक दोरी भरलेली, वर डांबरी कापडाची पट्टी पिळाच्या दिशेने, त्यावर सुतळी उलट दिशेने ठोकून बसवलेली. बघून झाल्यावर घरी येऊन लीव्हर उघडा, आणि सोबत तीन मीटर तीनपेडी दोर घ्या. मनिलाचा मिळाला तर उत्तम.