तारापोरवालाच्या काचा

नागपूरहून मुंबईला निघालेल्या कुटुंबाची यादी पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदलली नाही. गेट वे, राणीची बाग, हँगिंग गार्डन आणि मछलीघर. मत्स्यालय हा शब्द पाटीवर. आमच्याकडे सगळे मछलीघरच म्हणत. चर्नी रोडला उतरायचं, पूल ओलांडायचा, की मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली तारापोरवालाची इमारत. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. खर्च आठेक लाखांचा. त्यातले दोन लाख पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीचे, म्हणून हे नाव.

837 किलोमीटर रेल्वेने आलेल्या माणसाला इथे एकाच दिवसात दोन समुद्र भेटत. रस्त्यापलीकडचा वरून दिसणारा: लाटा, फेस, क्षितिज. त्याच्यापुढे उभं राहिलं की ऊर भरून येतो, पण त्याच्या पोटात काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. अलीकडच्या इमारतीत तोच समुद्र बाजूने दिसायचा. मत्स्यालयाचं सगळं कौशल्य या बाजूने दाखवण्यात आहे, आणि ते एखाद्या मैफलीइतकं मन लावून पाहण्याच्या योग्यतेचं आहे.

पहिली गोष्ट अंधाराची. प्रेक्षकांची जागा काळोखी, उजेड फक्त टाकीत आणि तोही वरून. बाहेर दिवे लावले असते तर काचेत आपलेच चेहरे दिसले असते. अंधारामुळे काच जवळजवळ नाहीशी होते आणि मासा त्याच्या सवयीच्या, माथ्यावरून येणाऱ्या उजेडात वावरतो. दुसरी गोष्ट पाण्याची. त्याचा अपवर्तनांक 1.33, त्यामुळे सपाट काचेतून समोर पाहिलं की चार फूट आत असलेला मासा तीन फुटांवर आल्यासारखा वाटतो. लहान मुलं काचेला हात लावून त्याला पकडू पाहतात त्यात नवल नाही. त्याची प्रतिमा खरोखरच जवळ सरकलेली असते.

आता पाकट पाहा. बहुतेक लोक तिच्यापाशी थांबतात ते ती काचेवर पोट टेकवून वर चढते तेव्हा. खालच्या पांढऱ्या अंगावर दोन डोळे आणि हसरं तोंड दिसतं. माझी आजी मोठ्याने म्हणाली होती, "अवं बाई, हा तं हासून राहिला नं!" आजूबाजूचे सगळे वळून पाहायला लागले आणि तेही हसले. पण ते डोळे नव्हतेच. त्या नाकपुड्या. खरे डोळे पाठीवर, आणि त्यांच्या मागे एकेक भोक. पाकट वाळूत अंग पुरून बसते तेव्हा तोंड खाली दबलेलं असतं, मग ती या वरच्या भोकांतून पाणी आत घेते आणि पोटाकडच्या कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडते. हे पाहायला मिळायचं असेल तर ती हसायची थांबून तळाशी जाईपर्यंत वाट पाहावी लागते. गर्दी तोवर पुढे गेलेली असते. वाळूतली पाकट म्हणजे जवळजवळ काहीच नाही, नुसती एक कड आणि उघडझाप करणारी दोन छिद्रं. माझ्या मते तिचा खरा डौल इथेच आहे.

मोरे ईलचंही तसंच. वामेसारखी लांबट, अंगावर खवले नाहीत, छातीशी पर नाहीत, दगडाच्या कपारीतून फक्त डोकं बाहेर. तोंड सारखं उघडतं, मिटतं, आत दात. प्रत्येक बाप तिथे पोराला सांगतो, चावेल हं. ती मात्र श्वास घेत असते. कल्ल्यांची दारं अगदी लहान असल्यामुळे तोंडाने पाणी आत ढकलत राहावं लागतं. भय वाटावं असं काही आहेच, पण ते आत, घशात: तिथे जबड्यांची दुसरी जोडी असते. ती पुढे येऊन भक्ष्य आत ओढते, हे 2007 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. काचेपुढे उभं राहून ते दिसत नाही. एकदा वाचलं की मात्र तिच्या शांतपणाकडे पाहण्याची नजर पार बदलते.

2015 मध्ये नूतनीकरण झालं आणि 12 फुटांचा अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला. मुलीला घेऊन गेलो तेव्हा ती त्यातून पुन्हापुन्हा धावत होती, माथ्यावरून मासे जात होते, आणि तो आनंद खराच होता. तरी माझं मत सपाट काचेच्या जुन्या चौकटीच्या बाजूने आहे. वक्र भिंतीतून मासे असतात त्यापेक्षा लहान दिसतात. शिवाय चारी बाजूंनी हालचाल असली की डोळा कुठेच ठरत नाही. बोगदा चकित करतो. ओळख होते ती चौकटीत, एका माशासमोर, पाय दुखेपर्यंत उभं राहिल्यावर.

गोड्या पाण्याच्या टाक्यांशी आमच्या घरच्यांना कंठ फुटायचा. समुद्रातल्या माशांपुढे मुंबईकर बायका सुरमई, पापलेट, घोळ अशी नावं घेत, आम्ही गप्प. आमचे मासे रोहू, कतला, मरळ. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांतले, ढीवर मच्छीमारांनी जाळ्यात धरून बाजारात आणलेले. तेही आम्ही ओळखायचो ते टोपलीत, मेलेले. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळ घालवणाऱ्या नागपूरकराला तलावही समुद्रासारखा वरूनच माहीत असतो.

2020 च्या टाळेबंदीत तारापोरवालाची दारं बंद झाली आणि पुढे इमारतच धोकादायक ठरली. नवं बांधणारे बोगद्यापासूनच सुरुवात करतील असं वाटतं. माझी मागणी वेगळी आहे, आणि ती नागपूरसाठीही आहे: मरळ माशाची एक टाकी. मरळ हा मासा कल्ल्यांबरोबर हवेतूनही श्वास घेतो, त्यासाठी ठरावीक वेळाने वर येतो. पिलं झाली की नर-मादी त्यांची राखण करतात. लालसर पिलांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि आईबाप त्याच्या खाली. काठावरून लाल डाग तेवढा दिसतो, खालचे दोघे दिसत नाहीत. ते बाजूने दाखवायला एक सपाट काच, वरून एक दिवा आणि समोर, म्हाताऱ्या माणसांना टेकता येईल असं एक बाकडं एवढं पुरेल.